दहापैकी दहा

शोभेच्या माशांच्या प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून दादांना बोलावणं आलं, तेव्हा त्यांचा मासा या प्राण्याशी एवढाच संबंध होता की गॅलरीतून खाली वाकलं की धाकट्या भावाची टाकी दिसायची. वर दादा आणि त्यांची बायको, खाली छोटू आणि त्याची बायको, मागच्या अंगणात टाकी आणि टाकीत अकरा कोई मासे, अशी त्या दुमजली घराची वाटणी होती. छोटू अठ्ठावन्न वर्षांचा होता. पण घरात एकदा छोटू म्हणायला लागले की टक्कल पडलं तरी माणूस छोटूच राहतो. कोई म्हणजे पांढऱ्या अंगावर तांबडे डाग मिरवणारा, हातभर वाढणारा आणि कुणाच्याही काडीच्या उपयोगाचा नसलेला मासा. छोटूला उपयोगाच्या गोष्टींचं तसंही वावडंच होतं.

दादांचं तसं नव्हतं. त्यांनी छत्तीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासली होती आणि निवृत्त झाल्यावर, पगार बंद झाला म्हणून काम बंद करायचं त्यांना सुचलं नव्हतं. गल्लीत त्यांना पाठीमागे ‘वेलांटी’ म्हणत. दाढ ठणकत असताना दंतवैद्याच्या पायरीवरून ते परत आले होते, कारण पाटीवर दुसरी वेलांटी हवी तिथं पहिली होती. ज्याला स्वतःच्या पाटीतलं ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही त्याला माझ्या दाढा काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. दाढ पुढे तीन आठवडे ठणकली. पण तत्त्व शाबूत राहिलं.

या तत्त्वाचा सगळ्यात जास्त मार छोटूनं खाल्ला होता. बाविसाव्या वर्षी तो पहिल्या नोकरीसाठी परगावी गेला आणि तिथून त्यानं घरी चार पानी पत्र लिहिलं. दादांनी ते लाल शाईनं तपासून, खाली ‘पुढील वेळी काळजी घ्यावी’ असा शेरा मारून उलट टपाली पाठवलं. पुढची वेळ आलीच नाही. छोटूनं नंतर कधी पत्र लिहिलं नाही. त्यानं मधमाश्या पाळल्या, अळंबी लावली, झेरॉक्सचं दुकान काढलं. प्रत्येक धंद्याच्या पहिल्या दिवशी दादा जाऊन काय चुकलंय ते सांगून आले आणि प्रत्येक वेळी, दुर्दैवानं, बरोबर निघाले.

तर मंगळवारी डॉक्टरांनी दादांना आणि छोटूच्या बायकोला, म्हणजे घरच्या धाकटीला, बाजूच्या खोलीत बोलावलं. छोटूच्या पोटातलं दुखणं साधं नव्हतं. दोन महिने, फार तर अडीच. ऑपरेशनचा उपयोग नव्हता.

बाहेर बाकावर छोटू नर्सला माशांचे फोटो दाखवत बसला होता.

“त्यांना नका सांगू, दादा,” धाकटी म्हणाली. “निदान आत्ता नको.”

“यकृताला सूज आहे, असं सांगू,” दादा म्हणाले. छत्तीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून चुकीचा मजकूर पुढे जाऊ दिला नव्हता. तो त्या दिवशी दिला.

गुरुवारी प्रदर्शन भरवणाऱ्या क्लबचे सेक्रेटरी आले. हे गृहस्थ कुठल्याशा सरकारी भांडारात नोकरी करून निवृत्त झाले होते आणि त्यांचा जीव माशांपेक्षा नियमावलीवर होता. रविवारी प्रदर्शन, बाहेरगावचे तज्ज्ञ परीक्षक पायरीवरून घसरून अंथरुणाला खिळलेले. शरीरबांधणी बघायला गुरांचे डॉक्टर मिळाले होते, रंग बघायला रंगाचे दुकानदार मिळाले होते. तांबड्या डागांचा समतोल बघायला कुणी नव्हतं.

“तुमच्या बंधूंनीच तुमचं नाव सुचवलं,” सेक्रेटरी म्हणाले. “म्हणाले, दादाला चुका दिसतात. त्याला दुसरं काही दिसतच नाही.”

“पण छोटूचा मासा असणार ना स्पर्धेत? मी सख्खा भाऊ.”

सेक्रेटरींनी नियमावली उघडली. “कलम अकरा. परीक्षकाने स्पर्धकाच्या नावाची चौकशी करू नये. आता बघा, माशावर नाव नसतं, नंबर असतो. तुम्ही चौकशी केली नाही म्हणजे तुम्हाला माहीत नाही.”

“पण मला तो रोज गॅलरीतून दिसतो!”

“दिसणं म्हणजे चौकशी नव्हे,” सेक्रेटरी म्हणाले.

एरवी दादांनी त्यांना जिन्यावरूनच वाटेला लावलं असतं. पण खाली अंगणात छोटू टाकीच्या काठावर बसून वर बघत होता आणि शाळेत असताना बघायचा तसा हसत होता. दादा हो म्हणाले.

सेक्रेटरी नियमावली अभ्यासाला ठेवून गेले. दादांनी रात्रीच्या जेवणाआधीच तिच्यातल्या त्रेसष्ट चुका काढल्या. ‘समतोल’ सगळीकडे ‘समतेल’ झाला होता. ‘परीक्षकाने पाण्यात हात घालू नये’ या महत्त्वाच्या नियमात जागा चुकल्यामुळे ‘परीक्षकाने पाण्यात हात घालून ये’ असं झालं होतं. या सगळ्यात माशाबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं राहूनच गेलं.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे निवृत्त ओव्हरसियर कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून म्हणाले, “सोपं आहे. नाकापासून शेपटीपर्यंत दोरी धरायची. डावीकडचा तांबडा मोजायचा, उजवीकडचा मोजायचा, वजाबाकी. आम्ही धरणं बांधली अशी.” त्यांनी बांधलेल्या एकमेव धरणाला गळती लागली होती हे दादांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या केमिस्टनं सांगितलं, की डोळे अर्धे मिटून बघायचं. दादांनी घरी आरशासमोर सराव केला. बायको म्हणाली, “अहो, असे बघाल तर लोक खुर्ची आणून देतील.”

शेवटी शिकवलं ते छोटूनंच. शनिवारी सकाळी त्यानं दादांना टाकीजवळ बसवलं. त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा उन्हात स्पष्ट दिसत होता.

“वरून बघायचं. हा मासा वरून बघायसाठीच आहे,” छोटू म्हणाला. “डोक्यावर तांबडा हवा, पण डोळ्यावर उतरता कामा नये. मग थोडं पांढरं. मग पाठीवर डाग, थोडा डावीकडे. पुन्हा पांढरं. मग उजवीकडे. चालताना हात हलतात ना, तसं. सगळं पुढेच साठलं तर मासा तोंडावर पडल्यासारखा दिसतो. आणि शेवटचा डाग शेपटीला चिकटायला नको. तिथं मोकळी जागा.”

“म्हणजे समास,” दादा म्हणाले.

“हां! आणि मधलं पांढरं म्हणजे…”

“परिच्छेद.”

दोघांनी चमकून एकमेकांकडे बघितलं. उभ्या आयुष्यात एखाद्या विषयावर त्यांचं एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ असावी.

तेवढ्यात टाकीतला सगळ्यात मोठा मासा वर आला. छोटूनं त्याला बोटाएवढा असल्यापासून वाढवलं होतं. “हा नेतोय उद्या,” तो म्हणाला. “कसा वाटतो?”

दादांनी बघितलं. डोक्यावरचा तांबडा टोपी घसरावी तसा डाव्या डोळ्यावर आला होता. खांद्याशी एक भलामोठा डाग, तोही उजवीकडे ओघळलेला. नाकावर शाई उडावी तसे तीन शिंतोडे. आणि पाठीचा मागचा सगळा भाग कोरा. शाळकरी पोरानं पहिल्या पानावर अक्षर घोटून पुढची वही रिकामी ठेवावी तसा.

“बरा आहे,” दादा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

छोटूनं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मग तो माशांना खाणं टाकायला वळला.

रविवारी शाळेच्या सभागृहात निळ्या गोल टबांच्या रांगा लागल्या होत्या. प्रत्येक टबात एक मासा, टबावर नंबर, हवेच्या पंपांची घरघर. दादांना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिले गेले, दोन्ही डाव्या पायाचे. छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. त्यावर ‘परिक्षक’ असं पहिल्या वेलांटीत छापलेलं. छत्तीस वर्षांची पुण्याई छातीवर अशी ऱ्हस्व होऊन लटकत असताना माणसानं ताठ कसं चालायचं? दादांनी पेन काढून वेलांटी दुरुस्त केली. सेक्रेटरींनी बिल्ल्यात फेरफार केल्याबद्दल तोंडी समज दिली.

चौदा नंबरच्या टबावर दादा वाकले, डोळे अर्धे मिटले, आणि चष्मा टबात पडला. त्यांनी हात पुढे केला.

“थांबा!” सेक्रेटरी ओरडले. “पाण्यात हात नाही!”

“अहो, माझा चष्मा आहे.”

“टबातली वस्तू काढायला गुरांच्या डॉक्टरांची सही लागते.”

डॉक्टर दोन टबांपलीकडेच होते, पण सहीचा कागद सेक्रेटरींच्या घरी होता. तो येईपर्यंत पाऊण तास चौदा नंबरचा मासा चष्म्याभोवती फिरत राहिला. दादा एका जागी उभे होते, दोन डाव्या बुटांत, आणि लोक त्यांना प्रसाधनगृह कुठं आहे ते विचारत होते.

कागद आला, सही झाली, चष्मा जाळीनं निघाला, आणि दादा पुढे सरकले. आता त्यांना खरंच दिसायला लागलं होतं. इथं डाग जास्त झाला, इथं समास सुटला नाही, इथं दोन परिच्छेद एकमेकांत घुसले. सहा, पाच, सात. नऊ नंबरचा मासा त्यांनी परत येऊन बघितला. अंगानं बेताचा, पण काय रेखीव! डोकं, मग पांढरं, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि शेपटीआधी बोटभर शांत मोकळी जागा. दादांना आयुष्यात पहिल्यांदाच चूक न सापडल्याचा आनंद झाला. त्यांनी नऊ गुण दिले. दहा ते कुणालाच देत नसत.

मग आला सत्तावीस.

छोटूचा मासा निळ्या टबात आणखीनच उघडा पडला होता. समोरच्या भिंतीशी खुर्चीवर छोटू बसला होता, गळाभर मफलर गुंडाळून, शेजारी धाकटी. रंगाचे दुकानदार आपला तक्ता घेऊन पुढे आले आणि हळूच म्हणाले, “नऊ आणि सत्तावीस बरोबरीत आहेत बघा. दोघांना सतरा सतरा. आता तुमच्या हातात.”

खरं तर तक्त्यावर चारच गुण लिहायचे होते. दादांनी पेन टेकवलं. त्यांना डॉक्टरांच्या खोलीतलं टेबल आठवलं, त्यावरची काच आठवली. नऊ नंबरवर अन्याय करणं त्यांना जमेना; त्याचे नऊ त्यांनी तसेच ठेवले. म्हणजे उरला एकच आकडा.

त्यांनी दहा लिहिले. छत्तीस वर्षांचा सरळ हात, पण त्या दहामधलं शून्य वाकडं आलं.

पहिला नंबर सत्तावीसचा जाहीर झाला. चषक चांगला कोपरभर उंच होता. टाळ्या झाल्या. ओव्हरसियर सगळ्यांना सांगत सुटले की दोरीची युक्ती त्यांची. छोटूनं चषक घेतला आणि मग तो फळ्यापाशी गेला, जिथं तिन्ही परीक्षकांचे तक्ते लावले होते. तिथं तो बराच वेळ उभा राहिला. धाकटीनं हाक मारली तेव्हा तो वळला. घरी येताना टेम्पोत तो माशाची पिशवी मांडीवर धरून बसला होता.

संध्याकाळी त्यानं मासा टाकीत सोडला आणि दादांना खाली बोलावलं.

“दहापैकी दहा?”

“चांगला मासा आहे.”

“डोळ्यावर उतरलेलं तांबडं दिसलं नाही तुला?”

“चष्मा पडला होता माझा.”

“चौदाला पडला होता. पंधराला तू घालून होतास. मी बघत होतो.” छोटू टाकीच्या काठावर बसला. “नऊ नंबरच्या माशापाशी तू दोनदा गेलास. तुझा चेहरा बघितला मी, दादा. तसा चेहरा तू माझ्या कुठल्याच गोष्टीकडे बघून केलेला नाहीस. आणि दहा मला दिलेस.”

दादा वाकून पाण्यावरचं वाळकं पान काढायला लागले.

“मी हा मासा नेला तो तू चार देशील म्हणून. म्हटलं, घरी आल्यावर भांडू. मजा येईल.” तो थांबला. “जन्मात तू मला कधी पैकीच्या पैकी दिले नाहीस. आज दिलेस. डॉक्टर काय म्हणाले, दादा?”

“सूज आहे. यकृताला…”

“दादा.”

पाण्यात मासे फिरत होते. आत स्वयंपाकघरात धाकटी नळाखाली काहीतरी विसळत होती; तो आवाज थांबला.

“किती दिवस?” छोटूनं विचारलं.

“दोन महिने,” दादा म्हणाले. “फार तर अडीच.”

धाकटी दारात येऊन उभी राहिली. छोटूनं तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, म्हणजे कळलं या अर्थी. ती तिथंच उंबऱ्यावर खाली बसली. मग छोटूनं मुठीतलं खाणं पाण्यावर टाकलं. मोठा मासा वर आला.

“आता नीट बघ,” तो म्हणाला. “आणि सांग.”

“काय सांगू?”

“काय चुकलंय ते. सगळं.”

दादांनी चष्मा पुसला. मग त्यांनी डोळ्यापासून सुरुवात केली. टोपी घसरलेली. खांद्यावरचा डाग ओघळलेला. मागे सगळं कोरं.

“आणि नाकावरचे शिंतोडे…”

“ते गेल्या उन्हाळ्यात आले,” छोटू उसळून म्हणाला. “पाणी तापलं म्हणून. ते धरायचे नाहीत.”

“का नाही धरायचे? दिसतात ना?”

“उतरतील ते!”

“उतरतील तेव्हा बघू. आज आहेत. अर्धा गुण कापणार.”

“अर्धा? तीन शिंतोड्यांना?”

आवाज एवढे चढले की वरून दादांच्या बायकोनं गॅलरीत येऊन विचारलं, काय झालं. दोघांनी एकदम वर बघितलं. दोघांचेही गाल ओले होते.

दुसऱ्या दिवशी चषक परत करायला दोघं सेक्रेटरींकडे गेले, तेव्हा असं निघालं की क्लबकडे पारितोषिक देण्याचा फॉर्म आहे, हरवल्याचा आहे, चोरीला गेल्याचा आहे. परत करण्याचा नाही. सेक्रेटरींनी नियमावली दोनदा चाळली आणि कळवळून म्हणाले, “तुम्ही तो हरवा ना! मग सोपं जाईल.”

शेवटी दादांनी कागद मागून घेतला आणि त्यांना येत होतं ते लिहिलं. शुद्धिपत्र. क्रमांक सत्तावीससमोर ‘दहा’ असे आहे, तेथे ‘चार’ असे वाचावे. चूक परीक्षकाची आहे.

“साडेतीन म्हणाला होतास ना?” छोटूनं विचारलं.

“अर्धा गुण परत दिला. उतरतील म्हणालास ना.”

सत्तावीस नंबर सातव्यावर गेला. शुद्धिपत्र महिनाभर क्लबच्या फळ्यावर होतं आणि दादांची गल्लीतली पत त्या महिन्यात पार धुऊन निघाली. केमिस्ट औषधाच्या चिठ्ठीवरचा आकडा त्यांना दोनदा वाचून दाखवायला लागला. दादांनी एकदाही तोंड वर करून उत्तर दिलं नाही. नऊ नंबर एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईंचा होता. त्या चषक न्यायला आल्या आणि दोन तास छोटूपाशी पाण्याबद्दल बोलत बसल्या. जाताना चषक विसरून गेल्या.

छोटू नऊ आठवडे जगला. शेवटच्या दिवसांत त्याला अंगणात येता येईना. मग दादा टाकीपाशी उभे राहून खिडकीतून मोठ्यानं सांगायचे, कोण वर आलाय, कोण तळाशी आहे, कुणाचा रंग फिका पडतोय. आतून छोटूचा आवाज यायचा, “चूक! तो तसाच आहे!” पुढे आवाज येईनासा झाला, तेव्हा धाकटी म्हणायची, “मान हलवतायत. नाही म्हणतायत.” एका मंगळवारी सकाळी दादा सांगत होते आणि धाकटी खिडकीत आली. दादांनी वाक्य अर्धंच सोडलं.

महिन्याभरानं धाकटीचं मुलीकडे राहायला जायचं ठरलं. एवढे मासे दादांच्यानं सांभाळले जाणार नाहीत हे सगळ्यांना दिसत होतं. प्रयोगशाळेच्या बाई टब आणि पिशव्या घेऊन आल्या. दहा मासे त्यांनी शांतपणे धरले. मोठा काही केल्या हाती लागेना. तो बाईंना बघून तळाशी बसायचा.

“थांबा, मी बघतो,” दादा म्हणाले आणि काठावर वाकले.

भिंतीपलीकडून ओव्हरसियर म्हणाले, “जाळी उजवीकडून घाला. कोपऱ्यात दाबा त्याला.” वरून बायको म्हणाली, “अहो, चप्पल काढा आधी.” दादांनी जाळी उजवीकडून घातली, चप्पल काढायला एक पाय उचलला, आणि कपड्यांसकट टाकीत गेले.

पाणी कमरेएवढंच होतं. ते उभे राहिले. चष्मा कानाला लोंबत होता, डोक्यावर शेवाळ होतं. मोठा मासा त्यांच्या पायांभोवती एक चक्कर मारून आला आणि गुडघ्याला तोंड लावून थांबला. खाणं मिळेल म्हणून थांबला असणार. दादांनी वरून बघितलं. नाकावरचे शिंतोडे उतरले होते. तीनपैकी एकही नव्हता.

दादांनी तोंड उघडलं आणि खिडकीकडे वळले. खिडकी बंद होती. मग ते तिथंच, कमरेभर पाण्यात, लहान मुलासारखे मोठ्यानं रडायला लागले.

बाई दचकल्या. धाकटी धावत आली. भिंतीवरून ओव्हरसियर ओणवे झाले.

“काय झालं? लागलं का हो?”

“हो,” दादा म्हणाले. “लागलं.”

“हात द्या, वर या.”

“येतो,” दादा म्हणाले. पण ते बराच वेळ आले नाहीत, आणि मासाही हलला नाही.